दाबणें आणि सोडणें : पडद्यावरील बटणाची हकीकत

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या घरांतील एक वयोवृद्ध आप्त संगणकासमोर बसून एक अर्ज भरीत होते. अर्ज पुरा झाला आणि पडद्याच्या मध्यभागीं एक लहानशी चौकट उभी राहिली. तिच्यांत एक प्रश्न होता व प्रश्नाखालीं दोन बटणें होतीं. एक होकाराचें, दुसरें नकाराचें. वयोमानानें त्यांच्या हातास कंप आहे. माऊसचा बाण भलत्याच बटणावर जाऊन पडला आणि बोट दाबलें गेलें. बटणाचा रंग पालटला. त्याच क्षणीं त्यांना चूक उमगली. परंतु त्यांनीं बोट उचललें नाहीं. दाबलेलें बोट तसेंच ठेवून त्यांनीं माऊस हळूहळू बाजूला सरकविला. बटण पूर्ववत् झालें. मग त्यांनीं बोट सोडलें. कांहींच घडलें नाहीं. अर्ज जसाच्या तसा पडद्यावर होता. त्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला आणि आम्हांस विचारलें, "मीं बटण दाबल्यावरहि हें यंत्र थांबलें कसें?"

प्रश्न साधा होता. परंतु उत्तर देऊं लागलों तेव्हां असें ध्यानांत आलें कीं, या एवढ्याशा गोष्टीमागें साठ वर्षांचा इतिहास उभा आहे. भिंतीवरील दिव्याचें बटण दाबतांच दिवा लागतो. टंकयंत्राची कळ आपटतांच अक्षर कागदावर उमटतें. तेथें दाबणें हेंच करणें असतें, आणि एकदां दाबल्यावर विचार बदलण्यास जागा राहत नाहीं. पडद्यावरील बटणाची गोष्ट निराळी आहे. त्यास उपमा द्यावयाची तर ती धनुष्याची द्यावी लागेल. प्रत्यंचा कितीहि ताणली तरी सोडीपर्यंत बाण आपलाच असतो. मन फिरलें तर दोरी हळूच सैल करतां येते. पडद्यावरील बटणहि दाबल्यानें काम करीत नाहीं, सोडल्यानें करतें. ज्यास आपण एक 'क्लिक' म्हणतों त्यांत वस्तुतः दोन घटना आहेत : एक दाबणें व दुसरी सोडणें. त्या दोहोंच्या मधल्या निमिषांत माणसास माघार घेण्याचा हक्क आहे. हा हक्क यंत्राच्या स्वभावांत नव्हता. तो माणसांनीं विचारपूर्वक यंत्रांत घातला, आणि यंत्रें जसजशीं बदललीं तसतसा तो पुन्हा पुन्हा घालावा लागला. त्याचीच हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

या हकीकतीचा आरंभ लांकडाच्या एका ठोकळ्यापासून होतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांतील मेन्लो पार्क या गांवीं स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत डग्लस एंगेलबार्ट हे काम करीत असत. माणसाची बुद्धि यंत्राच्या साह्यानें अधिक समर्थ कशी करावी, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. पडद्यावरील एखाद्या जागेकडे बोट दाखविण्यासाठीं त्यांना एक साधन हवें होतें. त्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनीं १९६४ सालीं एक लांकडी ठोकळा बनविला. त्याच्या खालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें होतीं, वर एक बटण होतें आणि एक वायर बाहेर निघाली होती. ठोकळा टेबलावर फिरविला कीं एक चाक आडवी चाल मोजी, दुसरें उभी. आणि त्या दोहोंवरून पडद्यावरील खूण हाले. शेपटीसारख्या त्या वायरमुळें ठोकळ्यास उंदराचें नांव पडलें, आणि इंग्रजींतील तो 'माऊस' आज आपल्याहि घरोघरीं नांदतो. त्याचें पेटंट १७ नोव्हेंबर १९७० रोजीं मिळालें. तत्पूर्वीं ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेंत एंगेलबार्ट यांनीं सुमारें दीड तास या साधनाचा प्रयोग करून दाखविला होता. त्या वेळच्या माऊसवर तीन बटणें होतीं.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यावर अवलंबून आहे. माऊस संगणकास दोनच गोष्टी सांगूं शकतो : मी किती सरकलों, आणि माझें बटण या क्षणीं दाबलेलें आहे कीं सुटलेलें आहे. 'होय', 'नाहीं', 'पुसून टाक', 'पैसे पाठव' असले शब्द त्याच्या जिभेवर नसतात. दाबण्याचा व सोडण्याचा अर्थ लावणें हें सर्वस्वी प्रोग्रॅम लिहिणाराच्या हातीं असतें. तो दाबण्यालाच आज्ञा मानूं शकतो, किंवा सोडण्याची वाट पाहूं शकतो. यंत्रास दोन्ही सारखेंच. माणसास मात्र त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

हें अंतर किती मोठें, याचा अनुभव येण्यास फार वर्षें लागलीं नाहींत. झेरॉक्स कंपनीनें १९७० सालीं कॅलिफोर्नियांतच पॅलो आल्टो येथें एक संशोधनकेंद्र स्थापिलें. तेथें १९७३ सालीं 'ऑल्टो' नांवाचा संगणक तयार झाला. पडद्यावर चित्रें काढणारा, माऊस जोडलेला, एका माणसाच्या टेबलाजवळ मावणारा असा तो संगणक होता. त्यावर बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनीं १९७४ च्या सुमारास 'ब्राव्हो' नांवाचा लेखनाचा प्रोग्रॅम केला. त्या प्रोग्रॅमच्या दोन अवस्था होत्या. एका अवस्थेंत टंकलेलें अक्षर हें अक्षरच असे. दुसऱ्या अवस्थेंत तेंच अक्षर आज्ञा होई. आपण कोणत्या अवस्थेंत आहों याचा विसर पडला कीं अनर्थ ठरलेला. त्याचें एक उदाहरण संगणकशास्त्रांत प्रसिद्ध आहे. एखाद्यानें लिहिण्याची अवस्था समजून, आज्ञेच्या अवस्थेंत असतांना, इंग्रजी 'एडिट' हा शब्द टंकला तर काय होई? 'ई' म्हणजे सर्व मजकूर निवड. 'डी' म्हणजे तो पुसून टाक. 'आय' म्हणजे नवा मजकूर घाल. आणि मग 'टी' हें अक्षर. सारांश, साऱ्या लिखाणाच्या जागीं एकच 'टी' उरे. चार कळा दाबल्या, प्रत्येक कळ दाबतांच आज्ञा झाली, आणि मध्यें कोणीं विचारलें नाहीं कीं, बाबा रे, तुझ्या मनांत हेंच आहे ना?

याच केंद्रांत लॅरी टेस्लर नांवाचे एक संशोधक होते. यंत्रानें माणसास अशा अवस्थांत कोंडून ठेवूं नये, हें त्यांचें आयुष्यभराचें व्रत झालें. पुढें त्यांच्या मोटारीच्या नंबरपाटीवरहि 'नो मोड्स', म्हणजे 'अवस्था नकोत', असेंच लिहिलेलें असे. टिम मॉट यांच्या साह्यानें त्यांनीं 'जिप्सी' नांवाचा लेखनाचा नवा प्रोग्रॅम लिहिला व त्यांत अवस्थांचें जंजाळ शक्य तितकें काढून टाकलें. टेस्लर यांची पद्धत अशी कीं, प्रोग्रॅम तज्ज्ञांस दाखविण्यापूर्वीं साध्या माणसासमोर ठेवावा, आपण शेजारीं बसावें, आणि तो कोठें अडखळतो तें मुकाट्यानें पाहावें. टेस्लर १९८० सालीं ॲपल कंपनींत गेले व तीच पद्धत त्यांनीं तेथें नेली. तेथें 'लिसा' नांवाच्या संगणकाची सिद्धता चालू होती. तो जानेवारी १९८३ मध्यें जाहीर झाला.

लिसाच्या माऊसवर एकच बटण ठेवावें असें ठरलें. ऑल्टोचीं तीन बटणें नवख्या माणसास गोंधळांत पाडीत. कोणतें केव्हां दाबावें हेंच त्यास कळेना. एका बटणानें तो गोंधळ मिटला. परंतु त्या एका बटणावर सर्व भार पडला. निवडणें, ओढणें, आज्ञा देणें व आज्ञा मागें घेणें, हें सर्व आतां एका बोटाच्या दाबण्यासोडण्यांत बसवावयाचें होतें.

लिसावर ती चौकटहि होती, जी आमच्या आप्तांसमोर उभी राहिली. इंग्रजींत तिला 'डायलॉग' म्हणतात. आपण संवादचौकट म्हणूं. यंत्र जेव्हां स्वतः होऊन माणसास कांहीं विचारूं इच्छितें तेव्हां तें ही चौकट पुढें करतें. होकाराच्या बटणावर काय लिहावें, हा प्रश्न त्या वेळीं निघाला. 'ओके' हा शब्द कांहींसा बोलभाषेंतला वाटल्यामुळें 'डू इट', म्हणजे 'कर', असे शब्द योजण्यांत आले. परंतु परीक्षेसाठीं बसविलेलीं माणसें त्या बटणाशीं येऊन घुटमळूं लागलीं. शेवटीं एक गृहस्थ चिडून म्हणाले कीं, हें यंत्र मला 'डोल्ट' कां म्हणतें? 'डोल्ट' म्हणजे मूर्ख. दोन शब्दांमधील मोकळी जागा इतकी अरुंद होती, व इंग्रजी मोठा 'आय' आणि लहान 'एल' इतके सारखे दिसत होते, कीं 'डू इट' चें वाचन 'डोल्ट' असें होई! तेव्हां ते शब्द गेले आणि 'ओके' आला. आज जगांतील कोट्यवधि माणसें दररोज ज्या दोन अक्षरांवर बोट ठेवतात त्यांची कुळकथा ही अशी आहे. बटणावरील शब्द लिहिणारास काय म्हणावयाचें होतें याला महत्त्व नाहीं. वाचणारानें काय वाचलें यालाच आहे, हा धडा त्यांतून मिळाला.

लिसा महाग होती व ती फारशी खपली नाहीं. परंतु २४ जानेवारी १९८४ रोजीं त्याच कंपनीनें 'मॅकिंटॉश' हा लहान व स्वस्त संगणक जाहीर केला, आणि माघारीचा हक्क सामान्य माणसाच्या टेबलावर आला. मॅकिंटॉशची काम करण्याची स्मृति अवघी १२८ किलोबाइट होती. त्याशिवाय ६४ किलोबाइटांची एक कायमची स्मृति होती. तिच्यांत 'टूलबॉक्स' या नांवानें तयार कार्यखंडांचा एक संग्रह कोरून ठेवला होता. अशा संग्रहास संगणकशास्त्रांत लायब्ररी म्हणतात. छापखान्यांत खिळे आधींच ओतून खणांत भरून ठेवलेले असतात. प्रत्येक ग्रंथकारास आपले खिळे स्वतः ओतावे लागत नाहींत. त्याचप्रमाणें प्रोग्रॅम लिहिणारास बटण, खिडकी, चौकट हीं नव्यानें घडवावीं लागूं नयेत, म्हणून हा संग्रह. संवादचौकटींचा विभाग ब्रूस हॉर्न या तरुणानें लिहिला होता. कुमारवयांतच तो पॅलो आल्टोच्या केंद्रांत काम शिकला होता.

या संग्रहांत बटणासाठीं एक कार्यखंड होता. त्याचें नांव 'ट्रॅककंट्रोल', म्हणजे बटणाचा माग ठेवणारा. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'इनसाइड मॅकिंटॉश' या ग्रंथांत त्याचें वर्तन स्पष्ट सांगितलें आहे. माणसानें पडद्यावरील बटणावर बाण नेऊन माऊस दाबला कीं हा कार्यखंड जागा होतो व बटण काळें करतो, म्हणजे 'तुझा दाब मला समजला' अशी पोंच देतो. मग बोट खालीं आहे तोंवर तो पुनःपुन्हा पाहत राहतो कीं बाण कोठें आहे. बाण बटणाबाहेर गेला कीं बटण पांढरें होतें. आंत आला कीं पुन्हा काळें. बोट सुटेल तेव्हांच निर्णय. त्या क्षणीं बाण आंत असेल तर दाबल्या गेलेल्या भागाचा क्रमांक प्रोग्रॅमच्या हातीं दिला जातो. बाहेर असेल तर शून्य दिलें जातें. आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत दयाळू अंक हें शून्यच होय. माणसानें विचार बदलला, याची नोंद त्या शून्यांत होते. आणि प्रोग्रॅमास त्याबद्दल कांहींहि करावें लागत नाहीं. संवादचौकटीचा कार्यखंड याच मार्गानें कोणतें बटण मान्य झालें तें कळवी. पहिला क्रमांक बहुधा होकाराचा व दुसरा नकाराचा असे. आणि परतीची कळ दाबणें म्हणजे पहिलें बटण दाबणें, असा संकेत होता.

हा नियम टूलबॉक्समध्यें कोरला गेल्याचा मोठा लाभ असा झाला कीं, प्रोग्रॅम लिहिणारास चांगुलपणाचे वेगळे कष्ट पडेनासे झाले. संग्रहांतलें तयार बटण वापरणाऱ्या प्रोग्रॅमांत माघारीचा हक्क आपोआप आला. सौजन्य व्यक्तीच्या मर्जीवर न सोडतां तें रीतींत घालावें, असें आपले वडील लोक सांगत. त्याचेंच हें यांत्रिक उदाहरण आहे.

नोव्हेंबर १९८५ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज' पद्धति बाजारांत आली. तिची रचना निराळी, पण ध्येय तेंच. येथें प्रत्येक बटण ही स्वतःच एक लहानशी खिडकी आहे, व संवादचौकट ही तिची जननी. यंत्र प्रत्येक खिडकीस निरोप पाठवितें : 'डावें बटण दाबलें', 'माऊस हलला', 'डावें बटण सुटलें'. येथें एक नाजुक अडचण उद्भवते. निरोप सामान्यतः ज्या खिडकीवर बाण आहे तिलाच मिळतो. माणसानें बटणावर दाबून बाण बाहेर नेला व तेथें बोट सोडलें, तर सुटल्याचा निरोप शेजारच्यास जाईल आणि बिचारें बटण दाबलेल्या स्थितींतच अडकून पडेल. यासाठीं बटण दाबलें जातांच तें माऊस आपल्या ताब्यांत घेतें. बोट सुटेपर्यंत बाण कोठेंहि फिरो, सारे निरोप आपल्याकडेच यावेत, असें तें बजावून ठेवतें. सुटतां क्षणीं बाण आंत असल्यास तें आपल्या जननीस एक नवा निरोप धाडतें : 'माझ्यावर क्लिक झाली.' बाहेर असल्यास तें मुकाट्यानें ताबा सोडतें. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत १९८४ सालीं सुरू झालेल्या व १९८७ सालीं अकराव्या आवृत्तीस पोंचलेल्या 'एक्स' नांवाच्या पद्धतींत तर हा ताबा मागावाहि लागत नाहीं. दाबण्यापासून सोडण्यापर्यंत तो यंत्रणाच आपोआप देते.

विंडोजवर कळपट्टीच्या बाबतींतहि हाच विवेक दिसतो. पडद्यावरील बटण निवडून मोकळ्या जागेची लांब पट्टी दाबली तर बटण दबतें, पण काम होत नाहीं. पट्टी सोडल्यावर होतें.

जननीस निरोप मिळाला म्हणजे ती चौकट मिटते. पण मिटण्याचेंहि एक शास्त्र आहे. होकाराचें बटण अजून आपला निरोप सांगतच आहे, तोंच जननीनें स्वतःस व बटणासह सर्व लेकरांस नाहींसें केलें, तर परत येणारी आज्ञा कोठें यावी? जें बटण उरलेंच नाहीं त्याकडे ती वळते व प्रोग्रॅम कोसळतो. नवशिक्या प्रोग्रॅमकारांच्या हातून हा अपघात अनेकदां घडतो. म्हणून विंडोजमध्यें चौकट मिटण्याची आज्ञा ही केवळ एक खूण करून ठेवते. बोलणें पुरें झाल्यावरच चौकट खरोखर जाते. सभा संपल्याचें अध्यक्षांनीं जाहीर केलें तरी वक्त्याचें वाक्य पुरें होईपर्यंत दिवे मालवूं नयेत, तसेंच हें.

पुढील दहा वर्षांत या निरोपांच्या निरनिराळ्या रीती निघाल्या. १९८८ सालीं जाहीर झालेल्या 'नेक्स्ट' संगणकावर प्रत्येक बटणास दोन गोष्टी सांगून ठेवावयाच्या असत : कोणास कळवावयाचें व काय करावयास सांगावयाचें. १९९१ सालीं 'व्हिज्युअल बेसिक' आलें. त्यांत पडद्यावर बटणाचें चित्र मांडून त्यावर दोनदां क्लिक केलें कीं त्या क्लिकेचें काम लिहिण्याची रिकामी जागा समोर येई. नॉर्वे देशांत हावर्ड नॉर्ड व आयरिक चांबे-एंग यांनीं 'क्यूट' नांवाचा संग्रह रचला व तो १९९५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत बटण कोणालाहि नांवानें हाक मारीत नाहीं. तें केवळ दवंडी पिटतें, व ज्यास ती ऐकावयाची असेल तो आपला कान तिला जोडून ठेवतो. क्यूटच्या बटणाच्या दवंड्या वेगवेगळ्या आहेत : 'दाबलें', 'सुटलें' आणि 'क्लिक झाली'. तिसरी दवंडी दाबणें व सोडणें हीं दोन्ही बटणावरच घडलीं तरच होते. आमच्या आरंभीच्या सिद्धान्ताचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? ज्या प्रोग्रॅमकारास घाई असते तो 'दाबलें' या दवंडीस काम जोडतो. त्याचें बटण क्षणभर चलाख वाटतें. पण त्यानें वापरणाराचा हक्क हिरावून घेतलेला असतो, आणि हें वापरणारास कळतें तें चूक झाल्यानंतरच.

येथवरचा इतिहास वाचून कोणास वाटेल कीं आतां सर्व आलबेल झालें. तसें नाहीं. टेस्लर यांनीं ज्या अवस्थांचा आयुष्यभर द्वेष केला, संवादचौकट ही तीच अवस्था वेष पालटून परत आलेली आहे. चौकट उभी राहिली कीं दुसरें कांहींहि करतां येत नाहीं. उत्तर द्या, मगच पुढें चला. आणि जो प्रश्न दिवसांतून पन्नास वेळां विचारला जातो त्याचें उत्तर माणूस न वाचतां देऊं लागतो. देवळांत शिरतांना हात जसा आपोआप घंटेकडे जातो तसें बोट होकाराच्या बटणाकडे जातें. मग दाबण्यासोडण्यामधला क्षण असून नसल्यासारखा होतो, कारण त्या क्षणीं मन जागेंच नसतें.

यांतील धोक्याची कल्पना १३ जानेवारी २०१८ रोजीं हवाई बेटांतील लोकांस आली. त्या शनिवारीं सकाळीं ८ वाजून ७ मिनिटांनीं तेथील जनतेच्या हातांतील फोनवर सरकारी इशारा झळकला कीं, क्षेपणास्त्र बेटांकडे येत आहे, आश्रय घ्या, ही कवाईत नव्हे. वास्तविक त्या वेळीं इशारा देणाऱ्या कचेरींत कवाईतच चालू होती. परंतु एका कर्मचाऱ्यानें ती खरी समजून खऱ्या इशाऱ्याची निवड केली. यंत्रानें संवादचौकट पुढें करून विचारलें कीं, हा इशारा पाठवावयाचा हें नक्की ना? त्यानें होकार दिला. पुढील चौकशींत दिसून आलें कीं, इशारा खरा असो वा सरावाचा, चौकटींतील प्रश्न शब्दशः तोच असे. म्हणजे ज्या एका स्थळीं यंत्रानें माणसास जागें करावयाचें तेथेंच त्यानें त्यास रोजचें अंगाईगीत ऐकविलें. त्याहून वाईट असें कीं, इशारा खोटा आहे हें कळविण्याचा मजकूर तयार नव्हता. तो जाण्यास ३८ मिनिटें लागलीं. त्या ३८ मिनिटांत लोकांनीं आपलीं मुलें उराशीं धरून काय अनुभवलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें दाबणें व सोडणें यांतील अंतराचा उपयोग झाला नसता, कारण त्या कर्मचाऱ्याच्या मनांत शंकाच नव्हती. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, प्रश्न विचारावयाचा तर तो त्या प्रसंगाचा असावा. दुसरी अशी कीं, माघारीची वाट बटणाच्या अलीकडेच नव्हे, पलीकडेहि असावी. केलेलें उलटविण्याची आज्ञा लिसा व मॅकिंटॉश या दोन्हींवर होती. गूगलच्या पत्रव्यवहारांत २००९ सालीं प्रयोग म्हणून व २०१५ सालीं कायमची अशी एक सोय झाली. तींत पाठविलेलें पत्र कांहीं सेकंद, फार तर ३०, थांबवून ठेवतात व तेवढ्यांत तें परत घेतां येतें. बारकाईनें पाहिल्यास हें जुनेंच तत्त्व आहे. दाबणें व सोडणें यांतील निमिष येथें अर्ध्या मिनिटापर्यंत ताणलें आहे, इतकेंच.

२००७ सालीं आयफोन आला आणि माऊसच नाहींसा झाला; बोट सरळ कांचेवर टेकूं लागलें. जुना हक्क या उलथापालथींत हरवेल अशी भीति होती. तसें झालें नाहीं. त्या फोनसाठीं बाहेरच्या प्रोग्रॅमकारांस २००८ सालीं जो संग्रह देण्यांत आला त्यांत बटणाच्या नेहमींच्या घटनेचें नांवच 'टच अप इनसाइड', म्हणजे 'बोट आंत असतांना उचललें', असें आहे. आपल्या हातांतील फोनवर हें कोणासहि करून पाहतां येईल : बटणावर बोट टेकवून तसेंच दूर सरकवावें व मग उचलावें.

अखेर जें रूढीनें चालत आलें होतें तें नियमांत लिहिलें गेलें. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ५ जून २०१८ रोजीं अपंगांच्या सोयीसाठीं वेबपृष्ठांविषयीं जे निकष प्रसिद्ध केले त्यांतील २.५.२ क्रमांकाचा निकष याच विषयाचा आहे. त्याचा आशय असा : दाबण्याच्या घटनेनें काम घडवूं नये, किंवा काम सोडल्यावर घडावें व तत्पूर्वीं तें रद्द करतां यावें, अथवा घडल्यावर उलटवितां यावें. जेथें दाबतांच घडणें अत्यावश्यक आहे तेथें अपवाद आहे. पडद्यावर पेटी वाजवावयाची झाली तर पट्टीवर बोट पडतांच सूर निघाला पाहिजे, हें कोणीहि मान्य करील. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना नीट दिसत नाहीं, ज्यांचें बोट हवें तेथें पडत नाहीं, त्यांच्यासाठीं हा निकष आहे. आणि वार्धक्य हें सर्वांच्याच वाटेवर उभें असल्यामुळें तो तुमच्याआमच्यासाठींहि आहे.

आतां आपल्या भाषेविषयीं दोन शब्द. पडद्यावरील बटणें आज मराठींतहि बोलतात. 'ठीक आहे' व 'रद्द करा' हे शब्द आपल्या परिचयाचे झाले आहेत. परंतु 'डोल्ट' चा धडा आपण घेतलेला दिसत नाहीं. "तिकीट रद्द करावयाचें आहे काय?" असा प्रश्न असावा व त्याखालीं 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' अशीं दोन बटणें असावींत, तर प्रवाशानें कोणतें दाबावें? 'रद्द करा' म्हणजे तिकीट रद्द करा, कीं हा विचार रद्द करा? इंग्रजींतील बटणें डोळे मिटून उतरविल्याचा हा परिणाम आहे. त्याऐवजीं एका बटणावर 'तिकीट रद्द करा' व दुसऱ्यावर 'तिकीट राहूं द्या' असें लिहिलें तर प्रश्न न वाचणाराहि फसणार नाहीं. आपल्या भाषेंत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, आणि निर्णय त्या क्रियापदांतच असतो. बटणानें तें संपूर्ण उच्चारावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जुन्या दफ्तरांतील पत्रें पाहिलीं म्हणजे मजकूर संपल्यावर शेवटीं मोर्तब उमटलेलें दिसतें. मजकूर कारकुनाचा, हुकूम धन्याचा. पण मोर्तब होईपर्यंत तो कागद केवळ कागद असे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपल्या बोलण्यांत अजून टिकून आहे, तो याच अंतराची आठवण म्हणून. शिक्का हातीं घेणें व तो कागदावर टेकविणें यांच्यामध्यें जो विराम असतो त्यांतच विवेकास जागा असते. पडद्यावरील बटणांत ती जागा राखून ठेवणाऱ्या माणसांचीं नांवें फारशीं कोणास ठाऊक नाहींत.

आमच्या आप्तांस आम्हीं हें सर्व सांगितलें नाहीं. "यंत्र तुमच्या बोटाची वाट पाहत होतें," एवढेंच सांगितलें. त्यांनीं पुन्हा माऊस हातीं घेतला, दुसऱ्या हातानें मनगट सांवरलें, बाण योग्य बटणावर नेला, दाबला, प्रश्न पुन्हा एकदां वाचला, आणि मग बोट उचललें.